चार तळहात जमीन

वहाण विकत घेताना मनुष्य तिचा अंगठा पाहतो, पट्टा पाहतो, पायात घालून दोन पावले मिरवूनही पाहतो; परंतु ती उलटी करून तिचा तळ पाहणारे गिऱ्हाईक शेकड्यात एखादेच. मोटारीच्या बाबतीतही हाच प्रकार आढळतो. नऊ वर्षांपूर्वी आम्ही आमची लहानशी गाडी घेतली तेव्हा रंग कोणता असावा यावर घरात आठ दिवस वादविवाद झाला, बैठकीच्या कापडावर चार दिवस झाला, आणि गाण्याच्या यंत्राविषयी आमच्या कन्येने जे भाषण केले ते एखाद्या वक्तृत्वस्पर्धेत सहज बक्षीस मिळवून गेले असते. चाकांवर टायर कोणते आहेत, हा प्रश्न मात्र कोणाच्याही तोंडून निघाला नाही. वस्तुतः जवळजवळ एक टन वजनाचे हे यंत्र ज्या जागी पृथ्वीला टेकते ती जागा म्हणजे प्रत्येक चाकाखाली सुमारे एक तळहात. इंजिनाचा जोर, ब्रेकची पकड, चालकाचे कौशल्य या सर्वांना जे काही करून दाखवायचे असेल ते या चार तळहात जमिनीवरच दाखवावे लागते. एवढी साधी गोष्ट आम्हांला पुस्तकातून कळावयास हवी होती. ती कळली रे रोडवर, आणि तीही एका चुकीची किंमत मोजल्यानंतर.

झाले ते असे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मागच्या दोन टायरांवर बोट फिरवून, “सर, हे पावसाळा काढणार नाहीत,” असा निकाल दिला. नव्या टायरांच्या एका जोडीस दहा हजारांच्या आसपास पडतील, असे त्याने सांगितले. नेमके त्याच महिन्यात घरातील खर्चाने आधीच मर्यादा ओलांडली होती. कॉलेजच्या शिक्षकांच्या खोलीत आम्ही ही अडचण बोलून दाखवली, तेव्हा एका स्नेह्यांनी चहाचा पेला खाली ठेवीत म्हटले, “अहो, रे रोडला जा. तिकडे थोडे वापरलेले टायर मिळतात. निम्म्याहून कमी किमतीत काम होईल.” उधळपट्टी टाळण्याची संधी सुशिक्षित मनुष्यास विशेष मोहक वाटते, कारण तीत पैसाही वाचतो आणि आपण शहाणे आहोत असे समाधानही मिळते. येत्या रविवारी आम्ही रे रोडला गेलो.

या रस्त्याला ज्यांचे नाव आहे ते लॉर्ड रे १८८५ पासून १८९० पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. जातीने स्कॉटिश सरदार, पण जन्म हॉलंडातील हेग शहरी झालेला. १९१० साली कुर्ल्याहून निघालेला बंदरकाठचा लोहमार्ग रे रोडपर्यंत आला, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत आपल्या देशातील पहिली विजेची गाडी धावली ती याच मार्गाने. आता स्टेशनाजवळ तारांनी तोललेला नवा पूलही उभा आहे. तो २०२५ साली वाहतुकीस खुला झाला. परंतु या भागाची खरी ओळख स्टेशनात नाही किंवा पुलातही नाही. ती पूर्वेकडे दारूखान्यात आहे. एके काळी येथे बंदुकीच्या दारूची कोठारे होती, म्हणून हे नाव. पुढे येथे जुनी जहाजे फोडण्याचा धंदा वाढला. साखळदंड, नांगर, पितळी नळ, लाकडी दरवाजे, लोखंडाचे पत्रे असा सारा पसारा येथे रस्त्याच्या कडेला पडलेला असतो आणि प्रत्येक वस्तू दुसऱ्या जन्माची वाट पाहत असते. मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या, वर्तमानपत्राची रद्दी आणि दुधाच्या पिशव्या जपून ठेवणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला हे दृश्य पाहून एक प्रकारचे नैतिक समाधान वाटते. काहीही फुकट जात नाही, असे ठासून सांगणारी ही वस्ती आहे.

शिवाय टायरांचे आणि या परिसराचे नाते जुने आहे. येथून जवळच, शिवडीस, फायरस्टोन या अमेरिकन कंपनीचा टायरांचा कारखाना होता. तो पुढे बॉम्बे टायर इंटरनॅशनल आणि त्यानंतर मोदीस्टोन या नावांनी चालला, आणि अखेर बंद पडला. तेव्हा टायर घ्यावयास या बाजूस यावे यात आम्हांस औचित्यही वाटले.

एका गल्लीतील दुकानात काळेभोर, चकचकीत टायर उतरंडीसारखे रचून ठेवले होते. दुकानदाराने आमच्या गाडीचे माप न विचारता नुसत्या नजरेने ओळखले आणि एक जोडी काढून पुढे ठेवली. नक्षी खोल आणि रेखीव होती. “एका डॉक्टरांच्या गाडीचे आहेत, साहेब, चाललेच नाहीत,” असे तो म्हणाला. तीन हजारांत दोन, असा सौदा ठरला. तेवढ्यात त्याने आमच्या जुन्या दोन टायरांकडे पाहून, “हे मी ठेवून घेतो, सहाशे रुपये कमी करतो,” असे सांगितले. आम्ही आनंदाने मान डोलावली. गुळगुळीत झालेल्या त्या टायरांचे हा मनुष्य काय करणार आहे, हा प्रश्न आमच्या मनास शिवलाही नाही. परतीच्या वाटेवर आम्ही मनातल्या मनात नफ्याचा हिशेब मांडीत होतो, हे कबूल केले पाहिजे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याहून एक लग्न आटोपून आम्ही परत येत होतो. मागे पत्नी आणि कन्या बसल्या होत्या. विक्रोळी ओलांडल्यावर पावसाने एकदम जोर धरला. आमची गती साठाच्या आसपास असेल. रस्त्यावर पाण्याचा एक पातळ थर साचला होता. त्यावर चाक येताच सुकाणू हातात हलके झाले, गाडीची मागची बाजू सावकाश, जवळजवळ सभ्यपणे, डावीकडे वळू लागली आणि क्षणभराने आमचे तोंड ज्या दिशेने आलो तिकडे झाले. दुभाजकाला एक धक्का बसून गाडी थांबली. मागून येणारा टँकर आमच्यापासून दोन हातांवर उभा राहिला. कोणालाही खरचटले नाही. कन्येने फक्त, “बाबा, काय झालं?” असे विचारले, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. टँकरवाला खाली उतरला, आमच्या तोंडाकडे न पाहता मागच्या चाकापाशी वाकला आणि म्हणाला, “साहेब, टायर बघा.”

टायर पाहून ते आम्हांस समजण्याजोगे नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या घराजवळच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. हे गृहस्थ मूळचे खेड तालुक्यातले. चाळीस वर्षे त्यांनी एकाच फूटपाथवर हवा भरली आहे. त्यांनी एक टायर काढला, पाण्याने धुतला, खाचेत नख घातले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, ही नक्षी कंपनीची नव्हे, ही सुरीची आहे.” मग त्यांनी आम्हांस जो पाठ दिला तसा नीटस पाठ आम्ही तीस वर्षांत फार थोडे दिले असतील. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरात तापवलेल्या पात्याने नव्या खाचा कोरतात आणि वर काळा रंग फासतात. रबर वाढत नाही. उलट जे काही उरले असते तेही जाते, आणि खाच आतील पदरांना जाऊन भिडते. आमच्या टायरात एके ठिकाणी आतील दोरा दिसत होता. कारखान्याच्या नक्षीत खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर लहान उंचवटे असतात. टायर त्या उंचवट्यांबरोबर आला की त्याचे आयुष्य संपले असे समजावे. आपल्याकडील कायदाही मोटारीच्या टायरास किमान १.६ मिलिमीटर खोलीची अट घालतो. आमच्या टायरात हे उंचवटे मुळी उरलेच नव्हते. ज्याने त्या खाचा कोरल्या त्याच्या सुरीने टायराचे मृत्युपत्रही खरवडून टाकले होते.

त्याच बैठकीत चाचांनी आम्हांस टायर वाचावयास शिकवले. आयुष्यभर अक्षरांत वावरूनही आम्ही आमच्याच गाडीवर कोरलेली ही ओळ कधी वाचली नव्हती : १६५/८० आर १४ ८५ टी. यातील पहिला आकडा टायराची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा, बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती हे सांगतो. ‘आर’ म्हणजे आतील दोरे आडवे बसवलेला रेडियल प्रकार. १४ हा रिमचा व्यास, इंचांत. ८५ हा वजनाचा संकेत आहे, म्हणजे हा टायर ५१५ किलो भार उचलू शकतो. आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची गती. टायर बदलताना हा भाराचा आकडा मूळच्यापेक्षा कमी घेऊ नये, मग दुकानदार कितीही सूट देवो. शेवटी एका लांबट चौकटीत चार अंक असतात. तेथे २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे जाणावे. आमच्या ‘डॉक्टरांच्या’ टायराचा जन्म अकरा वर्षांपूर्वीचा निघाला. रबर नुसते पडून राहिले तरी वाळते आणि चिरा पडून कडक होते. म्हणून कोऱ्या टायराचीही जन्मतारीख पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत, आणि पाच-सहा वर्षे ओलांडलेला टायर, नक्षी शिल्लक असली तरी, जाणत्याकडून तपासून घ्यावा.

आम्ही रागाने रे रोड गाठला. दुकानदार शांत होता. त्याने वाद घातला नाही, की क्षमाही मागितली नाही. आमचे बोलणे संपल्यावर तो एवढेच म्हणाला, “साहेब, तुम्ही मला जे दोन टायर दिलेत ते गुळगुळीत होते, हे तुम्हांला ठाऊक होतं. मी त्यांचे सहाशे रुपये दिले. भंगाराला एवढा भाव कोणी देतं का? तुम्ही तेव्हा काही विचारलं नाही.” ते टायर कोठे आहेत, असे आम्ही आता विचारले. “गेले,” तो म्हणाला. “कोणी टॅक्सीवाला घेऊन गेला. नाव कोण लिहून ठेवतो?”

अध्यापकाच्या धंद्यात पुष्कळ वेळा निरुत्तर होण्याचे प्रसंग येतात. पण इतके पुरते निरुत्तर आम्ही कधी झालो नव्हतो. आम्हांस फसवणारा मनुष्य आणि आम्ही स्वतः यांत जो फरक आम्ही गृहीत धरला होता तो सहाशे रुपयांचा निघाला. विक्रोळीजवळ आमची गाडी ज्या टायरांवर घसरली ते कोणातरी सभ्य गृहस्थाने असेच मान डोलावून देऊन टाकले असतील. आणि आमच्या टायरांवर या शहराच्या पावसात कोणा टॅक्सीवाल्याचे कुटुंब, कोणा अनोळखी उतारूचे मूल बसत असेल. तो टॅक्सीवाला काही हौसेने असे टायर घेत नाही. आमच्यापुढे दहा हजारांचा प्रश्न महिनाभराच्या ओढाताणीचा होता; त्याच्यापुढे तो पोटाचा असेल. आम्ही केलेली बचत म्हणजे बचत नव्हतीच. एक संकट आम्ही आमच्या दारातून उचलून त्याच्या दारात ठेवले होते, आणि तेही मोबदला घेऊन.

शिवडीच्या त्याच कारखान्याचा एक खटला वकीलवर्गास सुपरिचित आहे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे टायर इंटरनॅशनलच्या प्रकरणात अबकारी कर बसवताना मालाच्या किमतीत काय काय धरावे या प्रश्नाचा निर्णय केला. वस्तू बनवण्यास जे लागले तेवढीच तिची किंमत, हे कंपन्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. विक्रीच्या क्षणापर्यंत जो खर्च मालाचे मोल वाढवतो तोही किमतीत मोजावा, असे ठरले. हा निकाल आठवला की आम्हांस वाटते, टायराची किंमत विक्रीच्या क्षणाशीही संपत नाही. तो झिजल्यावर कोठे जातो, कोणाच्या चाकावर चढतो, हा खर्चही त्यात आहे. फक्त तो पावतीवर छापलेला नसतो. २०२२ सालच्या नियमांनी टाकाऊ टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टायर बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर घातली आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु टायर आमच्या गाडीवरून उतरतो त्या घटकेस तेथे सरकार उभे नसते. आम्हीच उभे असतो.

याचा अर्थ जुन्या वस्तूस दुसरा जन्म देणे वाईट, असा कोणी घेऊ नये. १९४२ साली मलाया आणि सिंगापूर जपानच्या हाती गेल्यावर रबराचा दुष्काळ पडला आणि आपल्याकडे टायरांवरही नियंत्रण आले. त्या दिवसांत झिजलेल्या टायरावर नवे रबर चढवूनच कित्येक गाड्या चालल्या. आजही आपल्या एस. टी. महामंडळाची अशी केंद्रे आहेत आणि विमानांच्या टायरांवरही पुनःपुन्हा नवे रबर चढवतात. काही मालमोटारींचे टायर तर पुन्हा खाचा कोरता याव्यात अशा बेताने जाड रबर ठेवूनच बनवतात, आणि तसे त्यांवर लिहिलेले असते. भेद आहे तो एवढाच की तेथे आतला सांगाडा तपासून, जे आहे ते सांगून काम होते. आणि सुरीचे काम अंधारात होते. दारूखान्यातील नांगर स्वतःस नवा म्हणवीत नाही.

मग सामान्य संसारी माणसाने काटकसर करावी कोठे? आमच्या दोन वर्षांच्या अनुभवावरून सांगतो : विकत घेताना थोडी, आणि सांभाळताना पुष्कळ. शहरातील नित्याच्या वापरास भारी, रुंद, दिमाखदार टायर लागत नाहीत. मूळच्या मापाचे, माहितीतल्या देशी कंपनीचे, साधे आणि ताज्या तारखेचे टायर पुरे होतात. चार घेण्याची ऐपत नसेल तर दोन घ्यावे, पण ते एकाच आसावर, आणि मागे बसवावे. नवे टायर पुढे असावेत असे पुष्कळांस वाटते. परंतु पुढचे चाक घसरले तर गती कमी करताच गाडी बहुधा सावरते, मागचे घसरले तर ती विक्रोळीस आमची फिरली तशी फिरते.

यापुढील सर्व बचत हवेत आहे आणि हवा जवळजवळ फुकट मिळते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेचा दाब लिहिलेला असतो. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, तो मोजून घ्यावा. कारण चालून तापलेला टायर दाब वाढवून सांगतो. हवा कमी असली की टायराच्या दोन्ही कडा झिजतात, बाजू वारंवार दुमडून तापतात आणि उन्हाळ्यात लांबच्या रस्त्यावर टायर फुटतो तो बहुधा या उष्णतेने. हवा जास्त झाली तर मधला भाग खाल्ला जातो. नायट्रोजन भरावा म्हणून पंपावर आग्रह होतो. त्याने दाब किंचित सावकाश उतरतो हे खरे, परंतु साध्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो, तेव्हा नियमितपणे हवा पाहणाऱ्याने त्यावर पैसे खर्चण्याचे कारण नाही. आठ-दहा हजार किलोमीटरांनी चाकांच्या जागा बदलाव्या, म्हणजे चारही सारखी झिजतात. मुंबईच्या पावसाळ्यातील एखाद्या नामांकित खड्ड्याशी भेट झाल्यावर गाडी एका अंगास ओढू लागली तर चाकांची सरळी त्वरित तपासून घ्यावी. सरळी बिघडलेली गाडी कोरा टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेने खाऊन टाकते. टायराच्या बाजूस फुगवटा आला तर त्याला औषध नाही, तो बदलावा. आणि कायदा १.६ मिलिमीटर म्हणत असला तरी कोकणपट्टीच्या पावसात तीन मिलिमीटर उरले असतानाच निरोप द्यावा, कारण खाचांचे काम पाण्यास वाट देणे हे आहे, आणि उथळ गटारातून पाणी जात नाही हे मुंबईकरास निराळे सांगावयास नको.

हवा भरलेल्या टायराची कल्पना १८४५ साली रॉबर्ट टॉमसन याला सुचली होती. पण ती जगात रुजवली बेलफास्टमधील एका गुरांच्या डॉक्टराने, १८८८ साली. जॉन डनलॉप याने आपल्या लहान मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर आदळू नये म्हणून तिच्या चाकांना हवेची नळी गुंडाळली. या प्रचंड धंद्याच्या मुळाशी एका बापाची काळजी आहे, हे आठवले की आमच्या कन्येचा तो प्रश्न अजून कानांत येतो.

गेल्या वर्षी पुढचे दोन टायर बदलण्याची पाळी आली. नव्या टायरांच्या दुकानात आम्ही जुने परत देण्यापूर्वी, आमच्या डोळ्यांदेखत त्यांच्या बाजू कापून द्याव्यात असे सांगितले. दुकानातील मुलगा चकित झाला. “साहेब, असे दिले तर प्रत्येकी तीनशे तरी सुटतील, कापले तर काहीच नाही.” आम्ही कापावयास सांगितले. त्याने सुरी चालवली. ती सुरी पाहताना आम्हांस रे रोडची दुसरी सुरी आठवली.

त्याने फार मोठे पुण्य पदरी पडले, असा आमचा भ्रम नाही. पहिले दोन टायर काही परत आले नाहीत. अजूनही पावसाळ्यात परळच्या पुलावर वाहने तुंबली आणि पुढे एखादी टॅक्सी उभी राहिली की आमची नजर आपोआप खाली, तिच्या मागच्या चाकाकडे जाते. दिवा हिरवा होतो, टॅक्सी पाण्यातून निघून जाते, आणि मागचा भोंगा वाजेपर्यंत आम्ही तेथेच थांबलेले असतो.